पाणी मारलेली भिंत

महादू परब कुठेही जायला तयार होता. मॉल म्हणा, समुद्रकिनारा म्हणा, सुनेच्या मैत्रिणीकडचा सत्यनारायण म्हणा, तो कशालाच नाही म्हणत नव्हता. आखातात तीस वर्षं नोकरी करून व्हिसा कॅन्सल झालेला माणूस. गावाला कायमचं निघण्याआधी आठ दिवस मुलाकडे, नीलेशच्या अल मनखूलमधल्या फ्लॅटमध्ये राहायला आलेला. नेतील तिकडे तो जाणार. फक्त एका जागी त्याला जायचं नव्हतं, आणि नेमकं तिथेच जायचं घरच्यांनी ठरवलं.

ती जागा म्हणजे खाडीकाठची जुनी वस्ती. या शहराने आधी जुनं म्हणून बरंच काही पाडलं, मग पाहुण्यांना दाखवायला जुनं काय उरलंय ते शोधायला निघालं. उरल्या होत्या चार गल्ल्या. त्या डागडुजी करून जपल्या. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, आतली अंगणं, आणि घरांच्या डोक्यावर वारा खाली खेचून घेणारे चौकोनी मनोरे. आता तिथे गोरे लोक टोप्या घालून हिंडतात आणि आपली पोरंपोरी लग्नाआधीचे फोटो काढून घेतात. नीलेशच्या घरापासून ही वस्ती चालत अर्ध्या तासावर होती. सात वर्षं मुलाकडे येऊन-जाऊन असूनही महादू तिकडे एकदाही फिरकला नव्हता. पाय दुखतात, ऊन आहे, पुढच्या खेपेला बघू, अशी त्याची कारणं ठरलेली असत.

या वेळी निमित्त झालं ईराचं. ईरा ही नीलेशची मुलगी, वय वर्षं नऊ. शाळेने प्रोजेक्ट दिलं होतं की आजी-आजोबांच्या कामावर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून आणा. गुरुवारी जेवताना तिने विषय काढला.

"आजोबा, यू बिल्ट द टॉवर, राइट?"

महादूने हातातला घास ताटात ठेवला. "हो, म्हणजे... खूप माणसं होती गं," तो म्हणाला.

"कूल. वी विल शूट देअर. सॅटर्डे."

पोर नऊ वर्षांची, पण बोलणं कंपनीतल्या मॅनेजरचं. सून रंजिताने लगेच होकार दिला. नीलेश ताटात बघत भात कालवत राहिला. "बाबांना जमणार असेल तर जाऊ," एवढंच तो म्हणाला. आणि नातीसमोर नाही कसं म्हणायचं?

आता खरी गोष्ट सांगायला हवी, कारण महादू ती सांगणार नाही. त्या मनोऱ्याला महादूने कधी हातसुद्धा लावला नव्हता.

पंच्याण्णव साली तो इथे आला तेव्हा तीस वर्षांचा होता. कुडाळकडच्या वाडीतला गवंडी, चिऱ्याच्या कामात हात बसलेला, ओळंब्याशिवाय नुसत्या नजरेने भिंत सरळ उचलणारा. जुन्या घरांची डागडुजी करायला एका ठेकेदाराला गवंडी हवे होते, त्यात याचा नंबर लागला. वाडीतलाच सुदेशही बरोबर होता, दगड वाहायला. कामावर एक इराणी उस्ताद होता, सत्तरीचा, तोंडाने फटकळ. त्याने दोन महिने महादूला नुसता दगड लावायला दिला आणि मग एक दिवस अंगणालगतच्या एका खोलीतली भिंत दाखवून सांगितलं, हिचा गिलावा तू एकट्याने कर. नीट झाला तर पुढच्या आठवड्यात तुला वर घेतो, मनोऱ्यावर.

महादूने त्याच रात्री गिरिजाला, म्हणजे बायकोला, पत्र लिहून टाकलं. मी इथे वाऱ्याचा मनोरा बांधतो आहे. होणारच होतं, म्हणून झाल्यासारखं लिहिलं. आनंदात माणूस एवढं करतोच.

गिलावा झाला तो बघण्यासारखा झाला. सिमेंट नव्हतं त्यात. तिथलीच माती भाजून केलेलं जिप्सम होतं, लावता लावता आळणारं. गुरुवारी संध्याकाळी काम संपलं. उस्ताद हात फिरवून गेला आणि म्हणाला, आता हिला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी.

आणि इथे महादूतला कोकणी गवंडी आडवा आला. आमच्याकडे नव्या भिंतीला पाणी मारतात. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस, चुकवायचं नाही. भिंत बांधून कोरडी सोडून जाणाऱ्या गवंड्याला वाडीत दुसरं काम मिळत नाही. त्याच्या हलगर्जीपणाच्या गोष्टी पोरंसोरंसुद्धा सांगतात. महादूला शुक्रवारी पहाटे कामगारांच्या कॅम्पात झोप लागेना. एवढी चांगली भिंत, आणि उन्हाने तडकली तर? हात लावायचा नाही म्हणजे काय, पाणी मारायचं नाही असं थोडंच म्हणाला म्हातारा? कोणी सांगितलं नव्हतं, कोणी जादा पगार देणार नव्हतं. तो उठला, पाऊण तास चालत गेला, पाइप जोडला आणि भिंतीला मनापासून पाणी मारलं. दुपारी परत मारलं. संध्याकाळी अजून एकदा, गोणपाट भिजवून वर टेकवून ठेवले.

जिप्समला पाणी चालत नाही. ते विरघळतं. शनिवारी सकाळी गोणपाट काढले तेव्हा गिलावा फुगून, सुटून, ओघळून खाली आला होता. मधेमधे खळगे, मधेमधे गाठी, आणि आतल्या दगडातलं मीठ पांढरं होऊन बाहेर आलेलं. उस्ताद बराच वेळ बघत राहिला. त्याला राग आलेला दिसला नाही. त्याला महादूची कीव आली असावी, आणि ती महादूला शिवीपेक्षा जास्त लागली. इंजिनियर आला, त्याने एकच शब्द उच्चारला, "खलास." आठवडाभरात ठेकेदाराने महादूला दीड तासावरच्या मुसफ्फाला पाठवून दिलं, त्याच्या दुसऱ्या यार्डात. तिथे रस्त्याच्या कडेचे सिमेंटचे दगड ओतत, कर्बस्टोन म्हणतात त्यांना. महादूला काम दिलं त्या दगडांवर पाणी मारायचं. तेच त्याने तीस वर्षं केलं. ज्या पाण्याने घात केला त्याच पाण्यावर पोट भरलं, यात हसायचं की रडायचं ते त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

गिरिजाचं उत्तर मुसफ्फात मिळालं. पत्र अख्ख्या वाडीला वाचून दाखवलं, असं तिने लिहिलं होतं. सोबत सहा वर्षांच्या नीलेशने काढलेलं चित्र होतं: उंचच उंच मनोरा, आणि टोकावर उभा बाप. आता या पत्राला काय उत्तर लिहायचं? दुसरा कोणी असता तर त्याने कदाचित खरं लिहिलं असतं. महादूने लिहिलं, काम जोरात चालू आहे.

पुढे दोन वर्षांनी सुट्टी मिळाली तेव्हा त्याने मनोऱ्याचं रंगीत पोस्टकार्ड नेलं. गिरिजाने ते काच लावून भिंतीवर टांगलं. मग दर सुट्टीत तो मनोरा थोडा थोडा वाढत गेला. वारा कसा वळवतात, आत आडवी लाकडं का घालतात, उस्ताद काय म्हणाला, शेख लोकांचा माणूस येऊन कशी पाठ थोपटून गेला. पोराची आजारपणं याने पाहिली नाहीत, दहावीचा निकाल फोनवर ऐकला, कॉलेजचं नाव याला आजही नीट सांगता येत नाही. द्यायला दुसरं होतं काय? मुलाच्या मनात बापासाठी जी काही जागा आहे ती या मनोऱ्याच्या जिवावर आहे, असं महादू धरून चालला होता. चार वर्षांपूर्वी गिरिजा गेली तेव्हाही त्याला आधी हेच वाटलं, की निदान तिला कळलं नाही. आणि आता शनिवारी तिथे जायचं, आणि कोणी एक साधा प्रश्न विचारला की सगळं उघडं पडायचं.

शनिवारी दहा वाजता ते वस्तीच्या दारात उभे होते. माहिती सांगायला वासिफ नावाचा लाहोरचा तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, केस चापून बसवलेले. गोऱ्यांशी इंग्रजी, आपल्याशी हिंदी. गल्ल्या इतक्या झाडून-पुसून ठेवलेल्या की महादूला त्या ओळखू येईनात. तेव्हा इथे धूळ होती, उंदीर होते, पडक्या भिंतींच्या आडोशाला माणसं बसत. आता तिथे कॉफीचा वास येत होता. मात्र कोपरे त्याला ओळखू आले. हा कोपरा मलबारी जोसेफचा, ही कमान पठाणाची. हात कळतो, गवंड्याचा हात लपत नाही.

ईराचं लक्ष मनोऱ्याकडे होतं. "माय ग्रँडफादर बिल्ट दॅट टॉवर," तिने वर बोट करून वासिफला सांगितलं.

वासिफ थांबला. "माशाल्ला. अंकल, किस साल में?"

"पंच्याण्णव," महादू म्हणाला.

"तब तो आपने उस्ताद को देखा होगा। इरानी उस्ताद। यहाँ ऑफिस में उनकी तस्वीर लगी है।"

"देखा है. उनके हाथ के नीचे काम किया." हे खरं होतं, आणि खरं बोलताना त्याचा आवाज जरा चढला. वासिफने उजवा हात छातीवर ठेवून मान लववली. नीलेश लांब उभा राहून मोबाइलवर काहीतरी वाचत होता. महादूला हायसं वाटलं. वेळ निभावली, आता लवकर घरी जावं.

"अंकल, आपको एक खास चीज़ दिखाता हूँ," वासिफ म्हणाला आणि त्यांना एका अंगणात घेऊन गेला. अंगणालगत एक खोली होती. महादू उंबऱ्यातच थबकला.

आत अंधार ठेवला होता. समोरच्या भिंतीला काच बसवली होती आणि वरून पिवळा दिवा सोडला होता. काचेमागे त्याचा गिलावा होता. तेच खळगे, त्याच गाठी, उजवीकडे गोणपाट टेकवलं होतं तिथे तोच चौकोनी ओघळ. तेव्हा वस्तीच्या उद्घाटनाच्या घाईत भिंत तशीच सोडून खोलीत सामान भरून टाकलं असणार. पुढे माणसं बदलली, साहेब बदलले, कोणी तरी सामान काढलं आणि समोर हे दिसलं. समोर एक जोडपं फोटो काढत होतं.

वासिफ ईराला इंग्रजीत सांगायला लागला, आणि रंजिता तेच महादूला मराठीत. "बाबा, ही म्हणे इथली सगळ्यात जुनी भिंत. रिस्टोअर न केलेली. शंभर वर्षं खारा वारा लागून लागून अशी झालीये. हिला कोणाचा हात लागलेला नाही, म्हणून मुद्दाम अशीच ठेवली."

"ब्यूटिफुल," ईरा म्हणाली.

महादूला आधी हसू आलं. मग ते हसू कुठल्या कुठे गेलं आणि त्याच्या जागी संताप उसळला. या भिंतीसाठी त्याला हाकलला. या भिंतीपायी तीस वर्षं उन्हात पाइप धरून उभा राहिला, बायको म्हातारी होताना बघितली नाही, पोर परकं झालं. आणि ह्यांनी तिलाच काचेत घालून वर दिवा लावला. चूक होती तर फोडायची होती. सुंदर होती तर माणसाला ठेवायचं होतं. तो त्या जोडप्याकडे बघत राहिला. मुलगी काचेवर गाल टेकवून फोटोला हसत होती.

त्या क्षणी त्याला वाटलं, आता पुरे. दोन दिवसांनी विमान आहे. निदान पोराला एकदा खरं सांगावं. खोटा मनोरा घेऊन मरण्यापेक्षा खरी भिंत बरी. वाईट झाली, पण ती माझ्या हातची आहे.

ईराला तहान लागली म्हणून रंजिता तिला घेऊन बाहेर गेली, वासिफ दुसऱ्या घोळक्याकडे वळला. अंगणातल्या दगडी ओट्यावर महादूने नीलेशला बसवून घेतलं.

"नीलेश, ती आतली भिंत शंभर वर्षांची नाय. ती मी केली. मीच पाणी मारून घालवली." आणि मग तो थांबला नाही. उस्ताद, शुक्रवार, गोणपाट, खलास, सगळं सांगून टाकलं. "मनोऱ्यावर मी कधी चढलोच नाय रे. मला त्याआधीच काढला."

नीलेशने मोबाइल खिशात ठेवला. त्याचा चेहरा बदलेल म्हणून महादू बघत होता. तो बदलला नाही.

"पाण्याचं माहीत नव्हतं," नीलेश म्हणाला. "काढलं ते माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"सुदेशकाकांनी. पुढच्याच गणपतीत आले होते ना ते. पडवीत बसून आईला सांगितलं. मी तिथेच खेळत होतो."

"गिरिजाला माहीत होतं?"

"बाबा, सगळ्या वाडीला माहीत होतं." नीलेशचा आवाज शांत होता, ऑफिसात कुणाला प्रोसीजर समजावून सांगावी तसा. "आईने सगळ्यांना बजावलं होतं. ते एक महिना येतात, त्यांना बोलू द्या. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी ती मला शिकवायची, मनोऱ्याचं काय काय विचारायचं ते. एकच प्रश्न दोनदा विचारू नकोस म्हणायची, त्यांना संशय येईल."

महादूच्या डोळ्यांपुढे मे महिन्यातली ती पडवी आली. चहाचे कप घेऊन बसलेली माणसं, परबांचा नाना, देवळातला गुरव, शेजारच्या बायका. सगळ्यांच्या माना हलताहेत, सगळे नवल करताहेत. गिरिजा दारात पदर धरून उभी, पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी. चोवीस वर्षं. आणि परवा तो त्याच माणसांत राहायला चालला होता, मरेपर्यंत.

"मग मला का सांगितलं नाय तुम्ही? गेली तेव्हा तरी तिने सांगायचं."

"काय सांगायचं, बाबा? तुम्हाला बरं वाटत होतं."

त्याला ओरडायचं होतं, पण कोणावर? इतकी वर्षं तो समजत होता की तो त्यांना काहीतरी देतोय. ते त्याला देत होते, भिकाऱ्याला घालावं तसं, आणि त्याने ते फुशारकीने घेतलं होतं.

"आज इथे कशाला आणलंस मग?" त्याने विचारलं.

"ईराला माहीत नाही." नीलेश उठला, पँट झटकली. "तिला कळायला नको. तिच्या वर्गात कोणाचे आजोबा सर्जन आहेत, कोणाचे नेव्हीतले. तिने काय सांगायचं, माझे आजोबा कर्बस्टोनवर पाणी मारायचे?"

बोलून गेल्यावर त्याला ते जास्त झालं असं वाटलं असावं. त्याने बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही मस्त सांगता, बाबा. नेहमीसारखं सांगा. दोन मिनिटांचं काम आहे."

तेवढ्यात ईरा धावत आली. तिने आजोबाला हाताला धरून अंगणाबाहेर, मनोरा मागे नीट दिसेल अशा जागी नेऊन उभा केला, त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, आणि वडिलांच्या हातात मोबाइल दिला. रंजिता सावलीत उभी राहून कौतुकाने बघत होती.

"मराठीत बोलले तर चालेल, टीचरसाठी सबटायटल टाकू," ती म्हणाली.

"ओके, आजोबा. स्टार्ट."

महादूने मोबाइलकडे पाहिलं. त्यामागे मुलाचा चेहरा होता, अगदी लक्ष देऊन ऐकणारा. आठ वर्षांचा असल्यापासून तो असाच ऐकत आला होता.

"मी गवंडी," महादू म्हणाला. मग घसा खाकरून पुन्हा सुरू झाला. "मी इथे वाऱ्याचा मनोरा बांधला. आधी चारी बाजूंनी दगड उचलायचा. मग आत आडवी लाकडं टाकायची, म्हणजे वारा..." तो सांगत गेला. एकदा सुरू झालं की ते आपोआप येत होतं, इतकं ते पाठ होतं. उस्ताद आला, पाठ थोपटणारा माणूस आला. ईराचे डोळे मोठे झाले.

"हाऊ टॉल इज इट?" तिने मधेच विचारलं.

महादू थांबला. त्याने मान वळवून वर मनोऱ्याकडे पाहिलं. आकडा आठवेना. दरवेळी काही ना काही सांगितलेलं असायचं, पण आज डोक्यात काहीच नव्हतं. ईरा वाट बघत होती. रंजिताही बघत होती.

"पंचेचाळीस फूट, बाबा," मोबाइल न हलवता नीलेशने हळूच सांगितलं.

"पंचेचाळीस फूट," महादू म्हणाला.